सोफियातली गाय

टेसाच्या पाठीमागे गाय हंबरली. शनिवारची दुपार होती. शारजात, अल नहदाच्या फ्लॅटमध्ये पडदे ओढलेले, टीपॉयवर वसईहून आलेल्या सुकेळ्यांची, वाळवलेल्या केळ्यांची, पुडी उघडी, आणि नोराने पाण्याच्या बाटलीला टेकवून मोबाईल उभा केलेला. मोबाईलमध्ये बल्गेरियातल्या सोफियात डॉक्टरकी शिकणारी त्यांची एकुलती एक मुलगी "येस ममा, आय एट, ममा" असं नेहमीचं पुटपुटत होती, आणि तिच्यामागच्या भिंतीपलीकडून तो आवाज आला. खोलातून निघालेला, वर चढत गेलेला आणि शेवटी मध्येच तुटलेला. नोराने त्याच क्षणी आपला आवाज चढवला. "टेसा, थंडी कशी आहे गं तिकडे? मोजे घालतेस ना?" थंडीची चौकशी तिने फोन लागल्या लागल्या केली होती आणि तिचं उत्तरही मिळालं होतं. टेसा म्हणाली, "डॅडी, लॅब आहे, गॉट टु गो, लव्ह यू, बाय," आणि काळ्या पडलेल्या स्क्रीनवर पर्सी तुस्कानोला स्वतःचंच तोंड दिसलं, अर्धं सुकेळं गालात धरलेलं.

"शनिवारी लॅब?" त्याने विचारलं.

"मेडिकलला कसला आलाय शनिवार आणि कसला रविवार."

"आणि तो आवाज?"

"कसला आवाज?"

"मागून आला तो."

"ट्राम असेल," नोरा म्हणाली, आणि सुकेळ्यांच्या पुडीला रबर लावून आत निघून गेली.

ट्राम! वसईजवळच्या भुईगावात ज्याच्या घराची स्वयंपाकघराची भिंत आणि गोठ्याची भिंत एकच होती, त्या माणसाला ही बाई ट्राम सांगत होती. पर्सी गॅलरीत जाऊन उभा राहिला. समोरच्या टॉवरच्या गॅलऱ्यांत कपडे वाळत होते, खाली दुबईच्या दिशेने गाड्यांची रांग नेहमीसारखी मुंगीच्या पावलाने सरकत होती, आणि त्याच्या कानात ती गाय पुन्हा पुन्हा हंबरत होती. भुकेची गाय वेगळी हंबरते, वासरू तोडलेली वेगळी. ही व्यायला झालेली होती आणि अडली होती. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यांची तांबू अशीच हंबरली होती, तो शाळेत होता तेव्हा. बाबांनी तिच्या कपाळावर तळवा ठेवला होता आणि "हो गं, हो गं" एवढंच म्हणत होते. वसईहून लुनावर बसून सरकारी डॉक्टर आला, शर्ट काढून खांद्यापर्यंत हात आत घातला, आणि बादली धरून उभ्या असलेल्या पर्सीने त्या बादलीतच ओकारी केली. सगळी आळी हसली. पुढे कितीतरी दिवस पोरं त्याला बादली दाखवून चिडवत. त्या डॉक्टरला गावात ढोरडॉक्टर म्हणत. दर रविवारी तो चर्चमध्ये मिसाला येई, स्वच्छ पांढरा शर्ट घालून मागच्या बाकावर बसे, आणि त्याच्या शेजारची जागा गर्दीतही जरा सैलच राही. पर्सीने तेव्हाच ठरवलं होतं की शेण, गोठा, दावं, सगळ्याला रामराम. स्वतःला डॉक्टर व्हायचं होतं. मार्क पुरले नाहीत. मग मुलीला करायचं ठरवलं. माणसांचा डॉक्टर.

आता युरोपातल्या राजधानीत, मेडिकल युनिव्हर्सिटीच्या लॅबमागे अडलेली गाय काय करत होती? कुठेतरी पाणी मुरत होतं. आणि पाणी कुठे मुरतं हे शोधणं हाच तर पर्सीचा धंदा. दुबईत एका आरोग्यविमा कंपनीत तो क्लेम तपासायचा. एका बाजूला निदान, दुसऱ्या बाजूला औषधं आणि तपासण्या. दोन्ही जुळलं तर पास, नाही जुळलं तर क्वेरी. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या माणसाच्या डोक्याचा स्कॅन का काढला? क्वेरी. सर्दीच्या पेशंटला चार दिवस भरती? क्वेरी. नवीन आलेल्या पोरांना तो सांगायचा की सगळा क्लेम वाचू नका, आधी एकच रकाना बघा, 'त्रास कधीपासून'. तिथे सगळे खोटं बोलतात. चांगली माणसं, देवाला भिणारी माणसं, तिथे आली की खोटं बोलतात, कारण जुना आजार म्हटला की कंपनी हात वर करते. वर्षानुवर्षं मुरलेलं दुखणं तिथे मागच्या मंगळवारी सुरू झालेलं असतं. पर्सीला अशा मंगळवारांचा वास यायचा. या कामाने त्याला दोन गोष्टी दिल्या होत्या, एक शारजातला हा फ्लॅट आणि दुसरी कुणाच्याही बोलण्यावर विश्वास न ठेवण्याची सवय. फ्लॅट भाड्याचा होता. सवय मात्र मालकीची झाली होती.

तर आता तो गॅलरीत उभा राहून आपल्याच घराचा क्लेम तपासायला लागला. हॉलच्या भिंतीवर टेसाचा पांढऱ्या कोटातला फोटो होता, पहिल्या वर्षाचा. त्यानंतर पांढरा कोट कुठे दिसला? आठवेना. मागच्या हिवाळ्यात एका फोटोत ती हिरव्या कपड्यांत होती. विचारलं तर ऑपरेशन थिएटरचे म्हणाली. असतील. पण पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट? थिएटरमध्ये पूर आला होता? हातावर लांब ओरखडा होता, तेव्हा "कॅट, डॅडी, हॉस्टेलची" म्हणाली होती. मग ते तुस्कानो फॅमिलीच्या ग्रुपचं. टेसाला ॲडमिशन मिळाली त्याच दिवशी पर्सीच्या भावाने, डॅरिलने, तिचं नाव 'डॉ. टेसा' असं करून टाकलं, आणि तेव्हापासून अख्खी वसई तिला आपले रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, झालंच तर सुजलेल्या पायांचे फोटो पाठवत आली. पहिल्या वर्षी पोरगी पानंच्या पानं उत्तरं लिही, शिकलेलं सगळं ओती. मग उत्तरं आखडत गेली. आता तर एकच ओळ यायची, तिकडच्या डॉक्टरांना दाखवा. पर्सीला वाटलं होतं की अभ्यास वाढला. आता वाटलं, अभ्यास वाढला की माणूस जास्त बोलतो की कमी? जुळत नव्हतं.

मुलगा असेल. पहिला संशय बापाला हाच येतो आणि पर्सीही त्याला अपवाद नव्हता. कुणीतरी मिशीवाला, गाईगुरं असलेला, सोफियाच्या बाहेर मळा असलेला बल्गेरियन. टेसा त्याच्या गोठ्यातून फोन करतेय. दोन दिवस त्याने त्या मिशीवाल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, मग त्याच्या लक्षात आलं की बाप म्हणून त्याला मिशीवाला परवडला असता. लग्न केलं तरी डॉक्टर ती डॉक्टरच. खरी भीती वेगळी होती. टेसा मुळात डॉक्टर होतच नसेल तर? नापास होऊन काढून टाकली असेल आणि पोटासाठी कुठल्या डेअरीत कामाला लागली असेल तर? हा विचार मनात आला तेव्हा तो जेवत होता. नोराने त्याच्याकडे पाहिलं. हल्ली ती सारखीच पाहायची. तो जेवताना, बुटाची नाडी बांधताना, शर्टाची बटणं लावताना. तो पाहायला लागला की ती नजर काढून घ्यायची. तिचा फोन हल्ली पालथा ठेवलेला असायचा. वॉशिंग मशीनच्या कोपऱ्यात उभं राहून ती हळू आवाजात टेसाशी बोलायची, आणि तो आला की "चल ठेवते" म्हणायची. एकदा सकाळी ऑफिसला निघाला होता, लिफ्टपाशी पोहोचून सहज मागे वळला, तर नोरा दारात मोबाईल समोर धरून उभी. "काय करतेस?" तर म्हणे नेटवर्क मिळत नाही. त्या कॉरिडॉरमध्ये नेटवर्क मिळालं नाही असा दिवस गेला नव्हता. टेसाचे पैसे पाठवायचं काम पहिल्यापासून नोराकडे. म्हणजे पोरगी कुठे शिकते, काय शिकते, पैसे कुणाला जातात हे नोराला ठाऊक असणारच. दोघी सामील होत्या. एकाच घरात, एकाच पलंगावर झोपणारी बाई आपल्यापासून काहीतरी लपवते हे कळल्यावर पर्सीला राग यायला हवा होता. त्याला राग आला नाही, रडू आलं, आणि ते त्याने तोंड धुऊन घालवलं.

टेसाला सोडायला तो स्वतः सोफियाला गेला होता. विमानतळावरून एजन्सीची एक बाई त्यांना टॅक्सीतून घेऊन निघाली आणि वाटेत शहर दाखवत गेली. त्याला मोठी मजा वाटली होती. तिथे एकेका कामाला एकेक विद्यापीठ. खाणींचं वेगळं, धातू आणि रसायनांचं वेगळं, इमारती बांधायचं वेगळं, खेळांचं वेगळं, इतकंच काय, ग्रंथालयांचंसुद्धा आपलं स्वतंत्र. आपल्याकडे सुताराची आळी, लोहाराची आळी असते तसं. आणि ह्या सगळ्यांची हॉस्टेलं शहराच्या एका टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी, एकाच वस्तीत. खाणवाला, औषधवाला, पळणारा, उड्या मारणारा, सगळे एका जिन्यावरून वर-खाली करणारे. हे आठवलं आणि पर्सीच्या मनात पाल चुकचुकली. म्हणजे खोली तीच राहील, खिडकी तीच, खिडकीतला डोंगर तोच, आणि व्हिडिओवर बघणाऱ्या बापाला कधी कळणारही नाही की मुलगी सकाळी उठून कुठल्या विद्यापीठात जाते. टॅक्सीत पुढे काय झालं होतं? दाट झाडी लागली होती. ती बाई म्हणाली, हे वनशास्त्राचं, जंगलांचं. इथेच जनावरांचे डॉक्टरही तयार होतात. आणि पर्सी, खुशीत असलेला पर्सी, म्हणाला होता, "म्हणजे आपला ढोरडॉक्टर! टेसा, चुकून या गेटात शिरू नकोस हं." एजन्सीची बाई काही न कळता हसली, ड्रायव्हरही हसला. टेसा खिडकीबाहेर बघत होती. तेव्हा त्याला वाटलं होतं, पोरगी भांबावलीय, नवीन शहर आहे.

ऑफिसात त्या आठवड्यात त्याने क्वेऱ्यांचा पाऊस पाडला. शेजारच्या टेबलावर वासिफ बसायचा, रत्नागिरीचा, वयाने लहान पण जिभेने मोठा. "पर्सीभाई, जरा रहम करा. आज तुम्ही डिलिव्हरीच्या केसला पण क्वेरी टाकली. बाळ खरंच झालं का, असं विचारणार काय?" पर्सी हसला नाही. वासिफने खुर्ची सरकवून जवळ आणली. "एक सांगायचं राहिलंच. अम्मीचा शुगरचा रिपोर्ट टेसाला पाठवलेला. तिने बघा काय लिहिलंय, आंटी, प्लीज आस्क अ रियल डॉक्टर. रियल डॉक्टर म्हणे! एवढी शिकून पोरगी किती नम्र आहे, माशाल्ला. अम्मी तर म्हणते, आपल्या नशिबी अशी नात असती तर." पर्सीने मान हलवली. रियल डॉक्टर. क्लेम करणाऱ्यानेच चुकून खरं लिहून पाठवावं तसं ते होतं. हिरवे कपडे, रबरी बूट, ओरखडा, टॅक्सीची खिडकी, गाय, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं, आणि पहिल्यांदा काहीतरी जुळलं. जुळलं तेव्हा मात्र त्याला ते नको होतं.

"आणि काय हो," वासिफ म्हणाला, "डावा हात सारखा खिशात का? काय दडवलंय, सांगा तरी."

"एसी केवढा ठेवलाय बघ. थंडी वाजते."

"एकाच हाताला?"

वासिफ हसत आपल्या टेबलाकडे गेला. त्याच्या मनात काही नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं. पर्सीने मान स्क्रीनकडे वळवली. समोर एका पन्नाशीच्या माणसाची फाईल उघडी होती, कोड जी-वीस, कंपवाताचा. हा कोड पर्सीला पाठ होता, कुठलाच कोड एवढा पाठ नव्हता. हात थरथरतो, चाल आखडते, अक्षर बारीक होत जातं, बटणं लागत नाहीत. त्रास कधीपासून? दोन आठवडे. दोन आठवडे म्हणे! पर्सीने क्वेरी टाकली, आणि खिशातला आपला डावा हात उजव्या हाताने बाहेरूनच दाबून धरला. तो डॉक्टरकडे गेला नव्हता. जाणार कसा? त्याचा स्वतःचा क्लेम याच खोलीत आला असता, वासिफच्या नाहीतर कुणाच्या तरी स्क्रीनवर, जी-वीस, आणि जेवणाच्या सुटीपर्यंत सगळ्या मजल्याला कळलं असतं. मग साहेबांनी गोड बोलून बोलावलं असतं. इथे माणूस नोकरीवर उभा असतो. नोकरी गेली की व्हिसा, व्हिसा गेला की फ्लॅट, आणि टेसाचं शिक्षण अर्ध्यावर. टेसा एकदा डॉक्टर झाली की तिलाच दाखवायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. आपलं माणूस, घरातल्या घरात, फाईल नाही, कोड नाही, कुणाला पत्ता नाही. तोवर खिसा होता. आणि आता ती डॉक्टरच होत नव्हती.

ईस्टरच्या सुटीत टेसा आली. विमानतळावर नोराने त्याला पुढे पाठवलं, "मी पार्किंगचं बघते, तू जा." तो गर्दीतून आत गेला. टेसा खांबाजवळ उभी होती, केस कापलेले, खांद्यावर सॅक. तिने त्याला पाहिलं, हात वर केला, आणि जागची हलली नाही. एरवी धावत येणारी पोर. तो चालत राहिला आणि ती बघत राहिली, सरळ, गंभीर, पायांपासून खांद्यांपर्यंत. तिच्या नजरेत भीती आहे असं त्याला वाटलं. बरोबरच आहे, त्याने मनात म्हटलं, खोटं बोलणाऱ्याला बापाची भीती वाटणारच. मग तिने मिठी मारली. मिठी मारताना त्याचा डावा हात खिशातून ओढून आपल्या कमरेभोवती घेतला, आणि सोडताना कोपरातून दोनदा वाकवल्यासारखा केला. लाडाने, त्याला वाटलं. तिच्या जॅकेटला साबणाचा वास होता, आणि साबणाच्या खाली, अगदी थोडा, ओल्या पेंढ्याचा. चाळीस वर्षांत तो वास पर्सीच्या नाकाला लागला नव्हता. त्याला किळस येईल असं वाटलं. आली नाही. भूक लागल्यावर घराकडे वळावं तसं काहीतरी झालं, आणि त्याचा त्याला जास्त राग आला.

घरी नोराने मैद्याच्या गोल फुग्या तळल्या होत्या. तिघं टेबलाशी बसली. गाडीत येताना त्याने एकही शब्द काढला नव्हता. मागच्या सीटवर दोघींनी हातात हात घेतलेले त्याला आरशात दिसले होते. आता बास, त्याने ठरवलं.

"टेसा, त्या दिवशी फोनवर गाय का हंबरली?"

नोराचा झारा बशीवर वाजला. टेसाने फुगीचा तुकडा खाली ठेवला. ती आता काय रचून सांगते याची पर्सी वाट बघत होता. ट्राम, टीव्ही, शेजारी, काहीही. त्याची प्रत्येकाला क्वेरी तयार होती.

"बिकॉज शी वॉज काल्व्हिंग, डॅडी," टेसा म्हणाली. "उलटं होतं. शेपटाकडून. मी फक्त तुमचा कॉल घ्यायला बाहेर आले होते. इट टुक अस द होल आफ्टरनून."

"वासरू?" पर्सीच्या तोंडून गेलं. हे विचारायचं त्याने ठरवलं नव्हतं.

"जगलं. गाय पण."

तांबू जगली नव्हती. वासरूही नाही. बाबा दोन दिवस वाडीत गेले नव्हते, आणि तो लुनावाला डॉक्टर पायरीवर बसून, हात धुतल्यावरही हात बघत राहिला होता. हे पर्सीला आजवर आठवलंच नव्हतं. आठवली होती ती फक्त बादली.

"म्हणजे तू ढोर..."

"से इट. ढोरडॉक्टर. टॅक्सीत तूच म्हणालेलास."

"कधीपासून?"

"आफ्टर फर्स्ट इयर. रूममेट तिकडे होती, एकदा तिच्याबरोबर क्लिनिकला गेले आणि मला परत यावंसं वाटेना. मी फेल नाही झाले, डॅडी. आय लेफ्ट. टॉप टेनमध्ये होते आणि सोडलं."

"आणि तुला हे माहीत होतं," तो नोराकडे वळला.

"पहिल्या दिवसापासून. पैसे कोण पाठवतं?"

मग पर्सी भडकला. त्याचा आवाज फुटेपर्यंत भडकला. गावात आता काय तोंड दाखवू, चर्चमध्ये लोक काय म्हणतील, डॅरिल काय म्हणेल, वासिफची अम्मी काय म्हणेल. त्याला स्वतःलाच ऐकू येत होतं की यातलं काहीच त्याला म्हणायचं नाही. "दोघींनी मिळून मला वेड्यात काढलं! कोपऱ्यात फोन, दारात फोन, मी बघितलं की नजर चोरता! या घरात माझ्याशी कुणी खरं बोलत नाही!"

"आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून," नोरा म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"मी? मी काय झाकलं?"

"डॅडी," टेसा म्हणाली, "हात बाहेर काढ."

तो उभा होता आणि त्याचा डावा हात खिशात होता. तो तिथे कधी गेला हे त्याला कळलं नव्हतं. त्याने तो काढला नाही. टेसाने मोबाईल त्याच्यापुढे धरला. त्यांच्याच मजल्याचा कॉरिडॉर होता, सकाळचा उजेड, आणि ऑफिसची बॅग घेऊन एक माणूस लिफ्टकडे चालला होता. पाठमोरा. बॅग धरलेला उजवा हात झुलत होता. डावा शरीराला चिकटून, काडीसारखा, झुलतच नव्हता. डावं पाऊल जरासं घासत होतं. पर्सीला त्या माणसाची दया आली, आणि मग तो कोण हे त्याला कळलं. फ्रेमच्या शेवटी तो माणूस मागे वळला. "काय करतेस?" मोबाईलमधल्या पर्सीने विचारलं. "नेटवर्क मिळत नाही," मोबाईलमधली नोरा म्हणाली.

"आम्ही जनावराच्या प्रत्येक मालकाला सांगतो, चालण्याचा व्हिडिओ पाठवा," टेसा म्हणाली. "ममाने सांगितलं की तू बटणं लावताना चिडतोस. मी म्हटलं, सेंड मी हाऊ ही वॉक्स. मग कसा जेवतो, कुठल्या कुशीवर झोपतो, वळताना किती पावलं घेतो, सगळं मी रोज ममाला विचारायचे."

म्हणजे वॉशिंग मशीनच्या कोपऱ्यात हे चालायचं. पर्सी खुर्चीत बसला.

"जनावर सांगत नाही, डॅडी. इट हाइड्स. दुखतंय हे कळलं तर कळप मागे टाकून जाईल, म्हणून ते ठीक असल्यासारखं चालतं. शेवटपर्यंत. म्हणून आम्हाला बघायला शिकवतात. मी माणसांची डॉक्टर नाही, मी काही नाव देणार नाही. न्यूरॉलॉजिस्ट बघतील. पण मला हे दिसलं."

"अपॉइंटमेंट घेतलीय," नोरा म्हणाली. "सोमवारची. आणि क्लेम तुझ्या ऑफिसात गेला तर जाऊ दे. वासिफच्या टेबलावर गेला तर वासिफला बघू दे. कळप काय, आम्ही दोघीच आहोत. आम्ही कुठे जातोय तुला टाकून?"

खाली कुठेतरी हॉर्न वाजत होते. नोकरीचं काय होईल ते पर्सीला माहीत नव्हतं आणि नोरालाही माहीत नव्हतं. ती नुसतं म्हणत होती. त्याने हात खिशातून काढून टेबलावर ठेवला, फुग्यांच्या बशीजवळ. मोकळा सुटल्यावर तो थरथरायला लागला, अंगठा बोटांवर घासत, जणू काही मोजत असल्यासारखा. टेसाने आपला तळवा त्याच्यावर ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला. बाबा ठेवायचे तसा. ती "हो गं" म्हणते की काय, असं त्याला क्षणभर वाटलं.

"डॅडी, हे कधीपासून आहे?"

हा रकाना. पर्सीच्या जिभेवर उत्तर तयार होतं, आणि ते अगदी ओळखीचं होतं. दोन आठवडे. फार तर महिना. सगळे इथेच खोटं बोलतात. त्याने टेसाकडे पाहिलं. मघाशी त्याने हेच विचारलं होतं आणि तिने क्षणाचाही वेळ न लावता खरं सांगितलं होतं.

"तुला सोफियाला सोडून परत येत होतो ना," तो म्हणाला, "तेव्हा विमानात. बाजूची सीट रिकामी होती. हात थांबेचना. मला वाटलं, तू गेलीस म्हणून होतंय."